घरातलं माणूस बदललं की खुराड्याचं काय करता?

खाडीकाठ
आम्ही मढचे. बैठं घर, मागे माड, शेवगा आणि स्वयंपाकघराच्या दाराला लागून सासूबाईंचं खुराडं. मी लग्न होऊन आले तेव्हा कोंबड्या होत्या, त्याच्या आधीही होत्या. सगळं काम आईंचं. उजाडलं की खुराडं उघडायचं, कणी-कोंडा टाकायचा, दुपारी अंडी काढायची, दिवेलागणीला मोजून आत घ्यायच्या. आम्ही कुणी त्यात हात घातला नाही, कारण त्यांना चालायचं नाही.

यंदा पावसात आई पडवीत घसरल्या. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. आता वॉकर धरून खाटेपासून पडवीपर्यंत येतात, त्याच्या पुढे नाही. सूनबाई बाळंतपणाला नाशिकला माहेरी आहे, दिवाळीनंतर बाळाला घेऊन येईल. माहेर शाकाहारी, ती इथे आल्यापासून अंडी खाते, बाकी काही नाही. ह्यांचं म्हणणं, आता विकून टाकू, बघायला माणूस नाही, बाळ येतंय, आणि महिनाभर अंडीही नीट मिळत नाहीत. हे ऐकल्यापासून आई धड जेवत नाहीत.

माझं मत असं की खुराडं घराचं असतं, एकट्या माणसाचं नसतं. विकायचं की ठेवायचं हे सगळ्यांनी बसून ठरवावं. तुमच्याकडे लग्न, बाळंतपण, कुणाचं जाणं, जागा बदलणं असं काही झालं तेव्हा कोंबड्यांचं काय केलंत? आणि ठरवलं कुणी?

रानभाजी
विकू नका. वाटून घ्या काम. बाकीचं सवडीने लिहिते.

गुरांचा_डॉक्टर
खाडीकाठताई, दोन गोष्टी वेगळ्या करू.

अंडी कमी झाली, कारण भाद्रपद-आश्विनात जुन्या कोंबड्या पिसं गाळतात. दिवस लहान होत जातो, त्यावर त्यांचं शरीर चालतं. अंड्यावर असताना साधारण 14 तास उजेड लागतो. नवी पिसं यायला प्रथिनं लागतात, ती अंड्यातून वाचवली जातात. खुराड्यात पिसांचा खच असेल आणि मानेवर काड्यांसारखी कोवळी पिसं फुटत असतील तर आजार नाही. सुकट-जवळा मूठभर द्या. मूठभरच, कारण जास्त दिला तर अंड्याला मासळीचा वास मारतो. ज्या तलंगा, म्हणजे तरण्या कोंबड्या, यंदाच मोठ्या झाल्या त्या पहिल्या वर्षी सहसा गाळत नाहीत.

बाळाचं. कोंबडी दिसायला ठणठणीत असली तरी तिच्या विष्ठेत साल्मोनेला असू शकतो. तान्ह्या मुलांना आणि म्हाताऱ्या माणसांना त्याचा त्रास जास्त. म्हणून खुराडं स्वयंपाकघराच्या दाराशी नको. खुराड्याच्या चपला वेगळ्या, त्या घरात येणार नाहीत. पाण्याची भांडी मोरीत किंवा सिंकमध्ये धुवायची नाहीत, बाहेरच. हात साबणाने धुतल्याशिवाय बाळाला उचलायचं नाही. पाच वर्षांखालच्या पोरांच्या हातात पिल्लू द्यायचं नाही, ती हात थेट तोंडात घालतात. बाळंतिणीला अंडं पूर्ण शिजवून, हाफ फ्राय नको. एवढं पाळलं तर माझ्या मते विकायचं कारण उरत नाही.

पाचवा_मजला
मी दुसरी बाजू मांडतो, राग मानू नका. आमच्या सोसायटीच्या भिंतीपलीकडे गावठाण आहे. तिथला कोंबडा पहाटे साडेतीनला सुरू होतो. बायको रात्रपाळी करून येते, घरात बारावीचा मुलगा. त्यांच्या घरी जाऊन हात जोडून सांगून झालं. त्यांचं उत्तर एकच, आमच्या आज्यापासून कोंबडा आहे, टॉवर नंतर आला. खरं आहे ते. पण झोप आमची जाते. घरातल्यांनी बसून ठरवताना शेजाऱ्याचाही विचार व्हावा एवढंच.

दर्यावर्दी_72
दादा, टॉवर नंतर आला हे तुम्हीच कबूल केलंत 😀
पण तुमचं दुखणं समजतं. त्यांना सांगा, कोंबडा रात्री काळोख्या पेटीत ठेवायचा, छत इतकं खाली की मान पूर्ण ताणता येऊ नये. वारा खेळता हवा मात्र. आवाज बंद होत नाही, कमी होतो.

वांद्र्याची_लेक
उजेड बघून आरवतो हे अर्धंच खरं. जपानमधल्या नागोया विद्यापीठाच्या संशोधकांनी 2013 मध्ये दाखवलं की कोंबड्याच्या अंगातच घड्याळ असतं, मंद उजेडात कोंडून ठेवला तरी तो ठरल्या वेळी आरवतो. नंतर त्यांनीच दाखवलं की कळपात आधी वरच्या मानाचा कोंबडा आरवतो, मग बाकीचे क्रमाने. त्यामुळे काळोख्या पेटीने साडेतीनचे सहा होतील असं नाही.

अंड्यांसाठी कोंबडा लागतच नाही. पिल्लं हवी असतील तरच ठेवावा. शहरात माझा तरी हाच आग्रह, कोंबड्या हव्या तेवढ्या पाळा, कोंबडा नको.

रानभाजी
आता सविस्तर. आमचं माहेर वसईचं. आजोबा गेले तेव्हा आजी दिवसदिवस उठायची नाही. काका म्हणाले, आता हिला कोंबड्यांचा ताप कशाला, माझ्या ओळखीचा एक जण सगळ्या घेऊन जाईल. माझी आई सून असून आडवी आली. म्हणाली, सासऱ्यांच्या दिवसांत दारातून काही जाणार नाही.

कोंबड्या होत्या आजोबांच्या. ते पितळीवर वाटी आपटायचे आणि कोंबड्या कुंपणापलीकडून धावत यायच्या. आई दाणे टाकायची तर लांब उभ्या राहायच्या, मान तिरकी करून एका डोळ्याने बघायच्या. शेवटी आजी स्वतः उठली, ती पितळी शोधली आणि पडवीच्या पायरीवर बसून वाजवली. त्या दिवसापासून सकाळचं उघडणं तिचं झालं. दुःख कमी झालं असं मी म्हणणार नाही, पण तिला रोज सकाळी उठायला कारण मिळालं.

खाडीकाठताई, तुमच्या सासूबाईंकडून ते काम पूर्ण काढून घेऊ नका. बसून करता येईल असं काहीतरी त्यांच्याकडे राहू द्या.

मुलुंडकर_काका
+1. आमच्या हिने गुडघ्याच्या ऑपरेशननंतर खुर्चीत बसून कणी निवडायचं काम घेतलं होतं. फिजिओथेरपीचा कंटाळा करायची, पण कोंबड्यांसाठी अंगणापर्यंत चालायची.

कडकलक्ष्मी
मला एक कळत नाही. कोंबडी ही खायला पाळतात की नाही? आमच्याकडे सांगलीला अंडी बंद झाली की रस्सा. इथे सगळे घरातलं माणूस असल्यासारखं बोलताय.

दर्यावर्दी_72
कडकलक्ष्मी, आमच्याकडेही कापतो. जत्रेला कापतो, पाहुणा आला तर कापतो. पण तिला वर्षभर नीट सांभाळलेली असते. दोन्ही एकाच घरात असतं, त्यात लपवण्यासारखं काही नाही. आणि गावठी कोंबडी वर्षाला 60-70 अंडी देते, पोल्ट्रीतली अंड्यांची लेअर देते 300 च्या वर. नुसता हिशोब करायचा तर गावठी पाळूच नये. गावठी पाळतात कारण ती स्वतः चरते, स्वतः उबवते, घारीला ओळखते.

शनिवार_रविवार
मी वेगळा अनुभव सांगतो. आमचा घटस्फोट झाला, मुलगा शनिवार-रविवार माझ्याकडे असतो. मी कुर्ल्याला जुन्या घरी आईबरोबर राहतो, मागे छोटं अंगण आहे. मुलगा पहिल्यांदा आला तेव्हा बोलायचाच नाही. नाक्यावर हातगाडीवर रंगवलेली पिल्लं विकायला असतात, हिरवी-गुलाबी, त्यातली मागून आणली. त्याने नावं ठेवली. आता शुक्रवारी रात्री फोन करून आधी कोंबड्यांची चौकशी करतो, मग माझी.

कडकलक्ष्मी, ज्याला पोराने नाव ठेवलंय ते मी कापू शकत नाही. पोराशी दिलेला शब्द आहे तो.

वांद्र्याची_लेक
शनिवार_रविवार, मुलाला माझ्याकडून शाबासकी. एक सांगते, रागावू नका. ती रंगीत पिल्लं बहुतेक लेअर हॅचरीतले नर असतात. अंडी देणार नाहीत म्हणून एक दिवसाची असताना काढून टाकतात आणि रंग लावून विकतात. बरीचशी उबेअभावी चार दिवसांत मरतात. जी जगतात त्यांचे कोंबडे होतात. तुमच्या अंगणात लवकरच मैफल सुरू होईल, पाचवा_मजला यांना कळवू नका.

पाचवा_मजला
कळलं आहे. कुर्ला लांब आहे, चालेल 🙂

शनिवार_रविवार
तुरे फुटायला लागलेत खरे. एकाने परवा काहीतरी घोगरं ओरडून बघितलं, मुलगा हसून हसून लोळला. शेजारी अजून प्रेमळ आहेत. पुढचं पुढे.

मरोळची_माई
आमच्याकडे ठरवलं बिल्डरने. गावठाणाला लागून आमची चाळ होती, रीडेव्हलपमेंटला गेली. तीन वर्षं भाड्याच्या जागेत, मग बाराव्या मजल्यावर. माझ्या जावेकडे कोंबड्या होत्या. तिने पालघरला बहिणीकडे पाठवल्या. टेम्पोत डालगी भरताना जाऊ शांत होती, तिचा मोठा, कॉलेजातला मुलगा मात्र रडत होता. लहानपणी शाळेतून आल्यावर अंडी शोधायचं काम त्याचं. एक कोंबडी कायम जिन्याखालच्या पत्र्याच्या पेटीत घालायची, ते फक्त त्यालाच माहीत.

नव्या घरात बाल्कनीत दोन तरी ठेवू असा त्याचा हट्ट होता. जावेने ऐकलं नाही आणि तिचं बरोबर होतं असं मला वाटतं. कोंबडीला उकरायला माती लागते, राखेत नाहीतर धुळीत लोळायला लागतं, त्यानेच तिच्या अंगावरच्या उवा-पिसवा जातात. टाइल्सवर ती काय उकरणार?

कांदिवलीचा_माळी
माईंशी असहमत. मोठी क्रेट, लाकडाचा भुसा चार-पाच इंच, एका घमेल्यात माती आणि चुलीची राख, दोनच कोंबड्या, कोंबडा नाही. गच्चीत छान राहतात. भुसा रोज हलवायचा, ओला होऊ द्यायचा नाही, मग वास येत नाही. सोसायटीची परवानगी मात्र आधी घ्या.

मरोळची_माई
गच्ची वेगळी आणि बाराव्या मजल्याची चार फुटी बाल्कनी वेगळी. तुमच्याकडे ऊन-माती आहे, तर जमेल. आमच्याकडे वाऱ्याने कुंड्या पडतात.

आरे_पाडा
आमच्या पाड्यावर घरटी कोंबड्या आहेत. इथे प्रश्न माणसाचा नाही, बिबट्याचा आणि मुंगसाचा. संध्याकाळी मोजून आत घ्यायला माणूस नसेल तर पाळू नयेत, हे माझं स्पष्ट मत. सकाळी उशीर चालतो, संध्याकाळी चालत नाही. मुंगूस बोटभर फटीतून तोंड घालतं. खाडीकाठ, मढला बिबट्या नसेल पण मुंगूस-घूस असणारच. साधी कोंबडीची जाळी पुरत नाही, बारीक चौकटीची वेल्ड जाळी लावा आणि जमिनीत वीतभर पुरा.

आणखी एक. नवी पिल्लं हवी असतील तर इथे आरेतच केंद्र सरकारची कुक्कुट विकास संस्था आहे. रस्त्यावरून घेण्यापेक्षा आधी तिथे विचारा.

नवापूरकर_सध्या_अंधेरी
बाळ येतंय म्हणून बर्ड फ्लूची भीती कुणी घातली तर उत्तर तयार ठेवा. मी मूळचा नवापूरचा. 2006 च्या फेब्रुवारीत देशातली पहिली लागण आमच्याकडे निघाली. पोल्ट्र्यांबरोबर घरामागच्या कोंबड्याही गेल्या. माझ्या मावशीच्या दारातल्या चार होत्या, सरकारी माणसं सूट घालून आली आणि पोत्यात घालून घेऊन गेली. मावशीने पुन्हा पाळल्या, पण मधे बराच काळ दार सुनं होतं. 2021 च्या जानेवारीत परभणीकडे निघाला तेव्हा मुंबई-ठाण्यातही मेलेले कावळे-बगळे सापडत होते.

अचानक एकदम मर लागली तर मेलेल्या पक्ष्याला हात लावायचा नाही, पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवायचं. एरवी घाबरून जगू नये.

गुरांचा_डॉक्टर
नवापूरकर बरोबर सांगतायत. त्यात भर घालतो. घरच्या कोंबड्या जास्त मरतात त्या मानमोडीने, म्हणजे राणीखेतने. हिरवी हगवण, मान पिळवटणे, आणि दोन-तीन दिवसांत खुराडं रिकामं. लस स्वस्त आहे. पिल्लू आठवड्याचं झालं की लासोटा लसीचा एक थेंब डोळ्यात किंवा नाकात, महिन्याने पुन्हा, मग दोन महिन्यांची झाली की आर-टू-बी लसीचं इंजेक्शन. अडचण अशी की कुपी शंभर कोंबड्यांची येते आणि एकदा विरघळवली की तास-दोन तासांत संपवावी लागते. दहा कोंबड्यांसाठी कुणी आणत नाही. गावातल्या सगळ्यांनी एकच दिवस ठरवून आणा, बर्फाच्या डब्यात.

कडकलक्ष्मी
धागा भरकटला पण माहिती चांगली निघतेय. खाडीकाठ, तुमचं काय ठरलं?

खाडीकाठ
सगळ्यांचे मनापासून आभार. काल बसलो. सूनबाई नाशिकहून व्हिडिओ कॉलवर, आई खाटेवर, हे दारात उभे, मुलगा, माझी पुतणी, जी आमच्याकडेच राहून कॉलेज करते. डॉक्टरांचा पहिला प्रतिसाद मी मोठ्याने वाचून दाखवला.

मला वाटलं होतं सून नको म्हणेल. ती म्हणाली, "आजींच्या कोंबड्या विकून माझ्या बाळासाठी जागा करू नका. पुढे त्याला तेच ऐकवलं जाईल." आमच्याकडे एकदम शांतता. मग तिने अटी घातल्या. खुराडं स्वयंपाकघराच्या दारातून हलवून माडांकडे न्यायचं. कापायची असेल तर घरामागे नाही, बाहेर कुणाकडे तरी. आणि तिने ज्यांना ओळखून ठेवलंय त्यांना नाहीच, त्यात लंगडी आणि पांढरी आली. हे म्हणाले, "म्हणजे मी खायची कुठली?" ती म्हणाली, "बाबा, तुम्ही मासे खा."

आई हे सगळं ऐकत होत्या. शेवटी बोलल्या, खुराडं हलवायचं तर तोंड पूर्वेला ठेवा, सकाळचं ऊन आत आलं पाहिजे. म्हणजे मान्य.

सकाळचं उघडणं पुतणीचं, साफसफाई मुलाची, संध्याकाळी मोजून आत घ्यायचं काम ह्यांनी स्वतः मागून घेतलं. अंडी आणि दाण्याचा डबा आईंकडे. आज त्या दोन घास जास्त जेवल्या.

कोंबडा एकच आहे आणि आजूबाजूच्या घरांतही कोंबडे आहेत, त्यामुळे पाचवा_मजला, क्षमस्व, तो राहणार.

आता अडचण अशी. मुलाने आणि ह्यांनी आज खुराडं माडांकडे नेलं. अंधार पडला तर सगळ्या कोंबड्या रिकाम्या जागेवर, स्वयंपाकघराच्या दाराशी ओळीने येऊन बसल्या. एकेकीला उचलून न्यावं लागलं. त्यात एक यंदाची तलंग खुडूक होऊन, म्हणजे अंडी उबवायच्या ओढीने, बसलीय, तुळईवर ठेवलेल्या जुन्या टोपलीत. हात नेला की अंग फुगवून चोच मारते. तिला अंड्यांवर बसवू की नको?

आरे_पाडा
आठ दिवस खुराड्यातून सोडूच नका, दाणा-पाणी आतच द्या. मग एका संध्याकाळी दिवस मावळायच्या तासभर आधी सोडा, लांब जाणार नाहीत. पुढे आपोआप नव्या जागी येतील. जुन्या जागेवर तोवर काहीतरी ठेवा, पाण्याचा पिंप किंवा लाकडं, बसायला जागा मिळू नये.

रानभाजी
सूनबाईंना नमस्कार सांगा.
खुडूक बसवा की. पण टोपली हलवायची तर रात्री, पूर्ण काळोखात, तिच्यासकट. दिवसा हलवली तर उठून जाईल. आधी खोटी अंडी ठेवून दोन दिवस बघा, टिकून बसली तर ती खोटी काढून दहा-अकरा ताजी ठेवा. आठवड्याहून जुनी नकोत, फ्रिजमधली तर नकोतच. सगळी एकाच वेळी ठेवा, नाहीतर पिल्लं मागेपुढे निघतात आणि ती मागची सोडून उठते.

दर्यावर्दी_72
सातव्या रात्री टॉर्चवर धरून बघा. आत लाल शिरांचं जाळं आणि मधे ठिपका दिसला तर जिवंत. स्वच्छ दिसलं तर काढून टाका. 21 व्या दिवशी फुटतील. फुटताना मदत करायला जाऊ नका, पिल्लू कवच टोचून कितीतरी तास दमून पडतं, तसंच असतं ते. निघाल्यावर पहिला दिवस-दीड दिवस खायला दिलं नाही तरी चालतं, पोटात बलक असतो.

खाडीकाठ
आई म्हणतात अकरा नको, तलंग लहान आहे, पंखाखाली नऊच मावतील. हिशोब केला तर पिल्लं बाळाच्या आधी घरात येतायत.

गुरांचा_डॉक्टर
आईंचं ऐका, नऊच. बाळ येईपर्यंत पिल्लांचा लासोटाचा पहिला डोस होऊन जाऊ दे. मढमधली आणखी चार घरं गोळा करा, म्हणजे कुपी वाया जाणार नाही.

दर्यावर्दी_72
मी वेसाव्याला आहे. आमच्या गल्लीतल्या वीस-पंचवीस कोंबड्या धरा त्या कुपीत. दिवस ठरवा, बर्फाचा डबा मी आणतो, फेरीने पाच मिनिटांत मढला पोचेन.

शनिवार_रविवार
खाडीकाठताई, पिल्लं मोठी झाली की त्यातल्या दोन तलंगा मला द्याल का? रंगीत पिल्लांचे सगळे कोंबडे निघाले तर पोराला अंडी शोधायला काही उरणार नाही. शनिवारी त्याला घेऊनच येईन.

खाडीकाठ
या की. दोन ठेवते बाजूला. आईंना विचारलं, त्या म्हणाल्या मुलाला सांगा, नावं आत्ताच ठरवून ठेव. दर्यावर्दी, रविवार कसा वाटतो? पुतणी घरोघर विचारून कोंबड्यांची यादी करतेय.